पडद्यावरची बाई, समोरची बाई

(जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील महिला गटांच्या दस्तऐवजीकरण शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



शिबिराच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘फोटो संपादनासाठी मॉनिटर कसा निवडावा’ असा विषय पाहून सकाळी चहाच्या वेळी दोघीतिघी हसल्या. एकीने तर सरळच विचारलं, “ताई, पोटगी, दारूबंदी, रेशन हे सगळं सोडून आता टीव्ही कोणता घ्यायचा ते सांगणार का?” तिचं हसणं मला पटलं. दहा वर्षांपूर्वी मला कुणी हा विषय दिला असता तर मीही तो एखाद्या कॉम्प्युटर दुकानदाराच्या गळ्यात घातला असता. पण मधल्या काळात एक गोष्ट घडली. तिथूनच सुरुवात करते.

आमच्या गटाने कापूस वेचणाऱ्या बायकांचं एक छायाचित्र-प्रदर्शन केलं. अमळनेर, पारोळा आणि धुळे तालुक्यांतल्या गावांत जाऊन आम्ही फोटो काढले होते. दिवाळीच्या आसपासचे दिवस, सकाळचं कोवळं ऊन, कमरेला बांधलेल्या ओट्या, बोंडांनी ओरखडलेले हात. फोटो खरोखर चांगले आले होते. ते नीट करून छापायला देण्याचं काम माझ्याकडे होतं, कारण पेजमेकर आणि श्रीलिपीच्या काळापासून गटाची अक्षरजुळणी मीच करत आले आहे. आमचा मॉनिटर कुणीतरी कार्यालय बदलताना आम्हाला देऊन टाकलेला. त्याचा उजेड पार वरपर्यंत चढवलेला, रंग निळसर. रात्री दिवे मालवून मी कामाला बसायचे. त्या झगझगीत पडद्यावर सगळे चेहरे मला उडालेले, पांढुरके दिसायचे, म्हणून मी ते एकेक करून खाली आणले. माझ्या पडद्यावर ते अगदी बरोबर दिसत होते.

छापायला गेल्यावर ते काळेकुट्ट आले. उद्यावर प्रदर्शन. छापणारा मुलगा भला होता, त्याने आपल्या मनानेच मार्ग काढला. “मॅडम, चेहरे फार काळे येत होते, मी सगळ्यांना उजळ करून टाकलं. चार्ज नाही लावला.” आम्ही घाईत फोटो गुंडाळले, नेले आणि गावातल्या शाळेच्या व्हरांड्यात लावले. बायका आल्या, एकमेकींना शोधू लागल्या. एक मावशी आपल्या फोटोसमोर उभी राहिली. बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, “हाई मी नही. मी कव्हय इतली गोरी व्हतू?”

सगळ्या हसल्या, तीही हसली. मी मात्र तिथून उठून मागच्या वर्गात जाऊन बसले. बाईच्या कष्टाला चेहरा द्यायचा म्हणून आम्ही प्रदर्शन मांडलं होतं, आणि जिचा चेहरा तिलाच तो ओळखू आला नाही.

दोष त्या मुलावर टाकणं सोपं होतं. आपल्याकडे स्टुडिओत स्थळासाठी फोटो काढायला गेलेल्या मुलीला कधी विचारून तर कधी न विचारता उजळ करतात, हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. जळगाव काय, धुळे काय, नंदुरबार काय, सगळीकडे तेच. बायोडेटाला चिकटवलेला फोटो आणि पोहे घेऊन आलेली मुलगी यांत दोन छटांचा फरक असतो, आणि तो फरक मग ‘फसवणूक’ म्हणून मुलीच्याच नावावर लागतो. या उजळपणाचा बाजार मोठा आहे. ‘फेअर अँड लव्हली’ भारतात आली १९७५ साली, आणि नावातला ‘फेअर’ काढायला कंपनीला २०२० साल उजाडावं लागलं. नाव बदललं, ट्यूब तीच राहिली. त्याच २०२० साली एका विवाहजुळणीच्या मोठ्या संकेतस्थळावरून त्वचेच्या रंगाप्रमाणे स्थळं गाळण्याची सोय काढून टाकली गेली. तीही परदेशातल्या भारतीय मुलींनी सह्यांची मोहीम चालवली तेव्हा.

हे सगळं बोलायची आपल्याला सवय आहे. त्या रात्री मला टोचलं ते वेगळंच. त्या मुलाने जाणूनबुजून उजळ केलं, पण त्याआधी मी न जाणता चेहऱ्यांची वाट लावली होती. माझ्या मनात गोरेपणाचं वेड नव्हतं. माझ्या पडद्यात खोट होती, आणि मी त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला होता.

यंत्र कुणाच्या बाजूचं नसतं असं आपण समजतो. फिल्मचा जमाना आठवा. फोटो धुण्याच्या प्रयोगशाळांमध्ये रंग बरोबर आले की नाही हे पाहायला एक नमुना-फोटो असायचा. त्यावर एक गोरी अमेरिकन बाई. कोडॅक कंपनीतल्या शर्ली नावाच्या एका नोकरदार बाईवरून त्याला ‘शर्ली कार्ड’ म्हणू लागले. शर्लीचा रंग बरोबर आला की यंत्र बरोबर, बाकीच्या जगाने आपलं पाहून घ्यावं. गडद त्वचेचे बारकावे फिल्मवर नीट येत नाहीत ही तक्रार काळ्या आईबापांनी शाळेतल्या समूहफोटोंवरून केली होती. पण कंपनीने ती मनावर घेतली असं सांगतात ते चॉकलेटवाल्यांनी आणि लाकडी फर्निचरवाल्यांनी आपले तपकिरी रंग नीट येत नाहीत म्हणून ओरड केल्यावर. वेगवेगळ्या वर्णांच्या बायकांची कार्डं निघायला १९९० चं दशक यावं लागलं. आपल्या लग्नाचे, बारशाचे, मोर्च्यांचे फोटो धुतले गेले ते याच तंत्राने, याच रसायनांनी.

पण फार लांब जायलाच नको. जळगावहून साठेक किलोमीटरवर अजिंठा आहे. शाळेच्या सहलीत आपण सगळ्याजणी तिथे जाऊन आलो आहोत. पुन्हा जाल तेव्हा तिथल्या बायकांच्या रंगांकडे जरा पाहा. गव्हाळ, सावळ्या, काळ्याभोर, हिरवट छटेच्या. एकाच भिंतीवर शेजारी शेजारी बसलेल्या, आणि त्यात राजकन्या काळी असायला कुणाची हरकत नाही. मग बाहेर येऊन त्याच चित्राची चार पुस्तकं उघडा. चार पुस्तकांत तिचे चार रंग सापडतील.

या चित्रांचा खरा रंग उतरवून घेण्यासाठी दीडशे वर्षांहून जास्त काळ लोकांनी जीव टाकला आहे. रॉबर्ट गिल नावाचा सैन्यातला अधिकारी १८४४ पासून तिथे बसून नकला करत होता. त्यातल्या बऱ्याचशा १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. गिलने पुढे कॅमेराही हाताळला. तो वारला १८७९ साली आपल्या भुसावळला, आणि तिथेच त्याला पुरलं. त्यानंतर मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून दहाबारा वर्षं तिथे राबले. त्यांच्याही कितीतरी नकला १८८५ साली लंडनमधल्याच आगीत गेल्या. मग १९०९ ते १९११ या काळात दोन हिवाळे तिथे तंबू ठोकून राहिली ती ख्रिस्तियाना हेरिंगहॅम. ही बाई इंग्लंडमध्ये बायकांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्यांपैकी होती, आणि जुन्या चित्रांचे रंग कसे बनवायचे याची मोठी जाणकार. तिच्याबरोबर नंदलाल बोस, असितकुमार हलदार हे तरुण होते, डोरोथी लार्चर ही चित्रकार होती. अंधाऱ्या लेण्यात, वटवाघळांच्या वासात, मिणमिणत्या उजेडात रंग जुळवायचे. आपण ‘चळवळीतली बाई’ म्हणतो तेव्हा अशी, लेण्यात डोळे फोडून रंग जुळवणारी, सहसा डोळ्यांसमोर येत नाही. मला तरी ती फार जवळची वाटते.

पुढची गोष्ट जास्त बोलकी आहे. १९२० च्या सुमारास निजामाच्या सरकारने इटलीहून तज्ज्ञ बोलावले. त्यांनी सुटणारे रंग चिकटवले ते चांगलंच केलं, पण वर लाखेच्या वॉर्निशचा हात दिला. लाख काळाने पिवळी पडते. पुढे कित्येक वर्षं लोक अजिंठ्याचे रंग म्हणून त्या पिवळ्या काचेतून पाहत होते आणि त्याच रंगांचे फोटो छापत होते. कुणी मुद्दाम खोटेपणा केला नव्हता. पाहणारा आणि चित्र यांच्यामध्ये एक थर आला होता, आणि त्या थराची कुणाला आठवण राहिली नव्हती.

आपला मॉनिटर म्हणजे तसाच एक थर.

आपल्या चाळीसगावचे केकी मूस १९८९ मध्ये गेले. ते आपल्या घरातल्या अंधाऱ्या खोलीत स्वतःच्या हाताने प्रिंट काढायचे. जे हातात आलं तेच चित्र. मध्ये कुणी सांगणारा नाही. आता तसं राहिलं नाही. फोटो असतो आकड्यांत, आपण पाहतो मॉनिटरवर, छापतो जळगाव एमआयडीसीतल्या नाहीतर नाशिकच्या यंत्रावर, आणि बाई तो पाहते तिच्या नातवाच्या मोबाइलवर. चार ठिकाणी चार रंग. सगळी ठिकाणं आपल्या ताब्यात येणार नाहीत. पण ज्या एका ठिकाणी बसून आपण निर्णय घेतो ते तरी खरं बोलणारं हवं. मोबाइलवर रंग ‘व्हिव्हिड’ करून ठेवलेले असतात, तिथे सगळंच भडक दिसतं. म्हणून मोबाइलवर पाहून फोटो दुरुस्त करू नका एवढं सांगते आणि पुढे जाते.

आता मॉनिटर घ्यायला जाऊ. दुकान म्हणजे साडीच्या दुकानासारखंच. फुले मार्केटात नाहीतर धुळ्याच्या आग्रा रोडवर साडी घेताना तुम्ही काय करता? दुकानदार ट्यूबखाली पदर उलगडतो, रंग काय सुंदर दिसतो! पण शहाणी बाई साडी घेऊन दारात जाते आणि उन्हात पाहते. मॉनिटरचा दुकानदारही तेच करतो. उजेड पूर्ण चढवलेला, रंग भडक केलेले, पडद्यावर पोपट आणि फुलपाखरं. पोपटाचा खरा रंग तुम्हाला ठाऊक नसतो, म्हणून तो खोटा आहे हे कळत नाही. तेव्हा दुकानात जाताना पेनड्राइव्हवर आपले फोटो न्या. ज्या मैत्रिणीला तुम्ही रोज पाहता तिचा चेहरा न्या, काळी, सावळी, गोरी अशा चारजणी एकत्र असलेला फोटो न्या. शक्य असेल तर ती मैत्रीणच सोबत न्या.

दुकानदार आधी इंच सांगेल, मग ‘गेमिंग’ सांगेल, मग वक्र पडदा दाखवेल. तुम्ही पहिल्यांदा विचारा, पॅनेल कोणतं? साधारण तीन जाती आहेत. ‘टीएन’ स्वस्त आणि वेगवान, पण मान जरा खालीवर केली की रंग पालटतो. त्याच्यासमोर दोघी बसल्या तर दोघींना वेगवेगळी बाई दिसेल. ‘व्हीए’मध्ये काळा रंग छान खोल येतो, पण बाजूने पाहिलं की सावल्या उजळतात, आणि गडद चेहऱ्याचे बारकावे नेमके सावल्यांतच असतात. आपल्या कामाला ‘आयपीएस’ जातीचा घ्यावा. आपण गटात काम करतो, एका पडद्यासमोर तिघीचौघी दाटीने बसतो. त्या सगळ्यांना सारखंच दिसायला हवं.

दुसरा प्रश्न रंगांच्या आवाक्याचा. ‘एसआरजीबी’ नावाचा एक मापदंड १९९६ साली मांडला गेला आणि १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर मान्य झाला. आपण पाहतो ते बहुतेक फोटो याच मापात असतात. मॉनिटर हा आवाका शंभर टक्के, निदान पंच्याण्णवच्या वर दाखवतो का ते विचारा. स्वस्त लॅपटॉपच्या माहितीत ‘४५ टक्के एनटीएससी’ असं लिहिलेलं असतं. तिथे थांबा. त्याचा अर्थ त्या पडद्यावर एसआरजीबीतले साधारण साठेक टक्केच रंग दिसतात. आपल्या त्वचेत जो तांबूसपणा असतो, ज्यामुळे सावळी बाई जिवंत दिसते, तोच अशा पडद्यावर मरतो. चेहरा राखेसारखा दिसतो. मग तुम्ही काय करता? रंग चढवता. पडद्यावर बरी दिसते, आणि छापून येते ती हळद फासल्यासारखी. हे माझ्या हातून किती वेळा झालंय ते मी सांगत नाही.

याच्या उलटही आहे. काही महाग मॉनिटर एसआरजीबीपेक्षा कितीतरी जास्त रंग दाखवतात. दुकानदार तेच मोठेपण म्हणून सांगेल. पण संगणकात रंगव्यवस्था नीट लावलेली नसेल तर त्यावर साधे फोटोही लालभडक दिसतात. आपली पत्रकं आणि पुस्तिका ज्या कागदावर छापल्या जातात त्याला तेवढे रंग पेलतच नाहीत. त्यापायी पैसे घालवू नका. त्यात ‘एसआरजीबी मोड’ असेल आणि तो लावून ठेवणार असाल तर ठीक.

तिसरं, अचूकपणा. चांगल्या मॉनिटरच्या खोक्यात कधीकधी कारखान्यातल्या तपासणीचा कागद असतो. त्यावर ‘डेल्टा ई’ नावाचा आकडा असतो. सांगितलेला रंग आणि दाखवलेला रंग यांतलं अंतर, एवढाच त्याचा अर्थ. सरासरी दोनच्या खाली असेल तर फरक डोळ्याला सहसा जाणवत नाही. आणि एक साधी परीक्षा: संपूर्ण पडदाभर फक्त करडा रंग लावा. एका कोपऱ्यात गुलाबी आणि दुसऱ्यात हिरवट छटा दिसली, तर त्या मॉनिटरवर डावीकडे बसलेली बाई आणि उजवीकडे बसलेली बाई यांना तुम्ही न्याय देऊ शकणार नाही. पडद्याचा पृष्ठभाग चकचकीत नको, मंद हवा. चोवीस इंची पुरतो. सत्तावीस इंची घेतलात तर त्याचे ठिपके २५६० गुणिले १४४० हवेत, नाहीतर मोठ्या पडद्यावर फोटो खडबडीत दिसतो.

पैशांचं बोलू. साधा आयपीएस मॉनिटर आज दहा हजारांच्या आसपास मिळतो. कारखान्यात तपासून दिलेला हवा तर वीस-पंचवीस हजार. आणि इथे माझं मत दुकानदारापेक्षा वेगळं आहे. एखाद्या गटाकडे तीस हजार असतील तर त्या सगळ्याचा मॉनिटर घेऊ नका. मध्यम मॉनिटर घ्या आणि उरलेल्या पैशांत रंग मोजायचं यंत्र घ्या. त्याला कॅलिब्रेटर म्हणतात. हातात मावणारं, पडद्यावर ठेवायचं. ते पडद्याचे रंग मोजतं, चूक किती ती सांगतं आणि संगणकाला दुरुस्ती लावून देतं. पंधरा-वीस मिनिटांचं काम. कितीही महाग मॉनिटर असो, वापराने त्याचे रंग सरकत जातात. न मोजलेला महाग मॉनिटर म्हणजे चावी न दिलेलं सोन्याचं घड्याळ. आणि हे यंत्र प्रत्येक गटाने घ्यायची काय गरज? महिना दोन महिन्यांतून एकदा लागतं. जळगाव, अमळनेर, चोपडा, धुळे, शिरपूर या पाच ठिकाणच्या गटांनी वर्गणी काढून एक घ्या. एसटीने फिरू द्या. भिशीची भांडी नाही का आपण फिरवत!

यंत्र मोजताना तीन आकडे विचारतं, ते लिहून घ्या. पांढऱ्याचं तापमान ६५००, गॅमा २.२, आणि उजेड छपाईच्या कामासाठी १०० ते १२०. मॉनिटर कारखान्यातून येतो तेव्हा त्याचा उजेड अडीचशे-तीनशे असतो. पहिल्या दिवशी तुम्हाला वाटेल, पडदा विझला की काय. चार दिवस धीर धरा, डोळे रुळतात. माझा त्या रात्रीचा सगळा घोटाळा या एका आकड्याने झाला होता. रात्री डोळ्यांना आराम म्हणून पडदा पिवळसर करणारी जी सोय असते, ती कामाच्या वेळी बंद करा. ती म्हणजे अजिंठ्याची लाख.

मॉनिटर ठेवायचा कुठे? आपल्या कार्यालयांचं चित्र मला ठाऊक आहे. वर पत्रे, मे महिन्यात पंचेचाळीस अंश, एक खिडकी, भिंती गुलाबी नाहीतर पोपटी. खिडकीकडे पाठ करून बसलात तर खिडकी पडद्यात दिसते, तोंड करून बसलात तर डोळे दिपतात. खिडकी बाजूला येईल असं टेबल लावा. मॉनिटरच्या मागची भिंत तरी पांढरी किंवा करडी करून घ्या, कारण पोपटी भिंतीसमोर बसलेला डोळा सगळ्या चेहऱ्यांत लाल शोधू लागतो. रोज साधारण त्याच उजेडात काम करा. मॉनिटर सुरू केल्यावर अर्धा तास तापू द्या. लाल साडी नेसून बसलात तर तिचीही झाक पडद्यावर पडते. ज्या दिवशी रंगाचं काम आहे त्या दिवशी मी करडी नेसते. घरी विचारतात, आज कुठे दुखवट्याला जायचंय का?

आता ज्यासाठी मी हा विषय मागून घेतला ते.

आपल्याकडे मार खाल्लेली बाई येते. आपल्यातली कुणीतरी मोबाइलने तिच्या अंगावरच्या वळांचे फोटो काढते. गोऱ्या कातडीवर काळंनिळं लगेच उठून दिसतं. आपल्या बहुतेक बायकांच्या सावळ्या कातडीवर ते तितकं दिसत नाही. हात लावला तर ती कळवळते, सूज बोटांना लागते, पण फोटोत काहीच नाही. मग तो फोटो झगझगीत, निळसर पडद्यावर पाहिला की उरलंसुरलंही पुसलं जातं. ‘एवढं काही लागलेलं दिसत नाही’ हे वाक्य किती बायकांनी ऐकलंय! ते वाक्य बोलणाऱ्याच्या मनातही असतं आणि पडद्यातही असतं. आपण निदान पडद्यातलं काढू शकतो.

पण इथे मोह होतो, आणि तोच धोका आहे. वळ दिसावा म्हणून आपण फोटो गडद करतो, लाल चढवतो. असं कधीही करू नका. पुराव्याचा मूळ फोटो हात न लावता ठेवायचा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्यात त्या फाइलचं हॅश मूल्य लिहावं लागतं. फोटोतला एक ठिपका बदलला तरी ते मूल्य बदलतं. तुम्ही बाईच्या भल्यासाठी केलेली दुरुस्ती समोरचा वकील तिच्यावरच उलटवेल. तेव्हा सगळी मेहनत फोटो काढतानाच घ्या. आधी तिची संमती. आधी डॉक्टरी तपासणी, फोटो तिची जागा घेऊ शकत नाही. मग दिवसाच्या उजेडात पण थेट उन्हात नाही, फ्लॅश बंद, एक लांबून, एक मधून, एक जवळून. वळाशेजारी मोजपट्टी आणि करड्या रंगाचं कार्ड ठेवून एक जास्तीचा. ते कार्ड फोटोत असलं की पुढे कुणाच्याही पडद्यावर, मग तो न्यायालयातला का असेना, करडं करडं दिसतंय का हे पाहून बाकीचे रंग ताडता येतात. दोन दिवसांनी पुन्हा काढा, कारण मुका मार उशिरा वर येतो. आणि वळाच्या रंगावरून ‘हा मार इतक्या दिवसांपूर्वीचा’ असं आपण कधी लिहू नये. फोटोतल्या रंगावरून ते डॉक्टरांनाही खात्रीने सांगता येत नाही.

आणखी एक. १९९४ साली जळगावात उघडकीला आलेलं प्रकरण आपल्यातल्या वयाने मोठ्या मैत्रिणींना आठवत असेल. फोटोंचा आणि चित्रफितींचा धाक दाखवून मुलींना छळल्याच्या तक्रारी तेव्हा पुढे आल्या, आणि अनेकजणी भीतीने पुढे आल्याच नाहीत. कॅमेऱ्याची ही दहशत आपल्या गावाने पाहिली आहे. म्हणून मॉनिटर घेतलात की पहिल्या दिवशी कार्यालयाच्या दारात उभं राहून पाहा, तिथून पडदा दिसतो का? दिसत असेल तर टेबल फिरवा. चांगला मॉनिटर बाजूनेही स्वच्छ दिसतो, हा त्याचा गुण इथे आपल्या मुळावर येतो. बाईच्या अंगावरच्या वळांचे फोटो वायरमनने, चहावाल्याने पाहावेत असं नाही. संगणकाला कुलूप, फोटोंच्या कप्प्याला वेगळं कुलूप.

साध्या फोटोंबद्दल, म्हणजे प्रदर्शनाच्या, पुस्तिकेच्या, थोडंच सांगते. चेहऱ्यावरून पांढरा रंग ठरवू नका, करड्या कार्डावरून ठरवा. उन्हात एक गोरी आणि एक काळी शेजारी असतील तर फोटो काढतानाच काळ्या चेहऱ्याकडे पाहून उजेड ठरवा, पण गोरीचा चेहरा जळणार नाही इतपतच. ‘त्वचा नितळ करा’ हे जे बटण असतं त्याला हात लावू नका. बोंडांचे ओरखडे त्यातच जातात. आणि छापणाऱ्याला स्पष्ट लिहून द्या: ‘चेहरे उजळ करू नयेत.’ आम्ही आता तसा शिक्काच करून घेतलाय. आणि शंभर प्रती छापण्याआधी एक काढून घ्या, ती दिवसाच्या उजेडात पडद्याशेजारी धरा.

ते कापसाचं प्रदर्शन आम्ही पुढच्या वर्षी पुन्हा केलं. नवा मॉनिटर आला होता, मोजायचं यंत्र एका मैत्रिणीकडून आणलं होतं. या वेळी मी त्या मावशीला आधीच बोलावलं. धुळ्याला दवाखान्यात आली होती, ती तिकडून आली. तिला खुर्चीवर बसवलं आणि तिचा फोटो उघडला. माझ्या छातीत धडधडत होतं. तिने चष्मा लावला, पुढे वाकली, पडद्याला नाक लागेल इतकी.

“तोंड बरं शे,” ती म्हणाली. “पन हाई लुगडं मनं नही.”

फोटोत लुगडं निळं दिसत होतं. ते जांभळं आहे असं ती म्हणाली. मी तिला कॅमेऱ्याचं, उन्हाचं काहीतरी सांगू लागले, तिने ऐकून घेतलं नाही. आठ दिवसांनी एसटीतल्या ओळखीच्या बाईच्या हाती पिशवी आली, त्यात ते लुगडं घडी घालून. मी ते खिडकीपाशी, पडद्याशेजारी धरलं. जांभळंच होतं. दीड तास बसून पडद्यावर त्याच्या जवळ आणलं. छपाईत ते तरीही थोडं निळंच आलं, शाईत तो जांभळा बसेना. लुगडं मी परत पाठवलं, आणि सोबत निरोप दिला की फोटोत ते जरा निळं आलंय, माझ्याकडून एवढंच जमलं.